मराठी वेबसाइट दृष्टिहीनांना वापरता यावी यासाठी: कोणते काम आधी, कोणते नंतर

नाशिकमधल्या शाळा, पतसंस्था, मंगल कार्यालये आणि यात्री निवासांच्या वेबसाइटवर हल्ली कोपऱ्यात एक गोल चिन्ह दिसते. ते दाबले की अक्षरे मोठी होतात, रंग उलटे होतात, कधी एखादा आवाज मजकूर वाचायला लागतो. हे चिन्ह बसवले की 'आपली साइट दिव्यांगांसाठी तयार झाली' असे धरून काम थांबते. त्याच साइटवर एखादा दृष्टिहीन माणूस खोली आरक्षित करायला बसतो, तेव्हा त्याला तारखेचा रकाना सापडत नाही. दरपत्रक चित्रात असते, फोन नंबरही चित्रातच असतो.

दृष्टिहीन माणसाकडे स्वतःचा आवाज आधीच असतो. त्याच्या फोनवर किंवा संगणकावर स्क्रीन रीडर चालू असतो आणि तो पानावरचा मजकूर बोलून दाखवतो. त्याला तुमच्याकडून दुसरा आवाज नको असतो. त्याच्या स्क्रीन रीडरला वाचता येईल असे पान हवे असते. वरून चिकटवलेले साधन आतले पान दुरुस्त करत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असे साधन विकणाऱ्या एका कंपनीला फसव्या दाव्यांबद्दल १० लाख डॉलर भरायला लावले.

वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटांची मुखपृष्ठे तपासते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर चुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुतेक सहाच प्रकारच्या होत्या: फिकट अक्षरे, चित्राला वर्णन नसणे, फॉर्मच्या रकान्याला नाव नसणे, रिकाम्या लिंक, रिकामी बटणे आणि पानाची भाषा न सांगणे. मराठी साइटवर यांच्याही आधी एक अडचण येते. पुष्कळदा पानावरची मराठी अक्षरे संगणकाच्या दृष्टीने मराठी नसतातच. म्हणून खालच्या क्रमात ते काम पहिले घेतले आहे. हा क्रम मोडू नका. पायावरचे काम राहिले तर वरचे सगळे दोनदा करावे लागते.

## तयारी

साधने. विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या. तो मोफत आहे. त्याच्या स्पीच सेटिंगमध्ये ईस्पीक एनजी हा आवाज निवडून भाषा मराठी ठेवा आणि 'ऑटोमॅटिक लँग्वेज स्विचिंग' चालू ठेवा. पायरी २ मध्ये त्याची गरज लागेल. आवाज यांत्रिक वाटतो, पहिल्या दिवशी कानाला बोचतो, पण तपासणीला चालतो. टूल्स मेनूतला 'स्पीच व्ह्यूअर' उघडला तर जे बोलले जाते ते खिडकीत लिहूनही येते. टिपणे काढायला हे फार सोयीचे पडते.

दुसरे साधन म्हणजे साधा अँड्रॉइड फोन. त्यात टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आधीच असतो. फोनच्या टेक्स्ट-टू-स्पीच सेटिंगमध्ये मराठी आवाज उतरवून घ्या. तपासणी फक्त संगणकावर उरकू नका. तुमच्या साइटवर येणारे बहुतेक लोक फोनवरूनच येणार आहेत.

कळा. एनव्हीडीए चालू असताना एच दाबले की पुढचे हेडिंग, के दाबले की पुढची लिंक, एफ दाबले की फॉर्मचा पुढचा रकाना, बी म्हणजे बटण, जी म्हणजे चित्र, टी म्हणजे तक्ता. इन्सर्ट आणि खालचा बाण एकत्र दाबले की सलग वाचन सुरू होते. कंट्रोल दाबले की आवाज थांबतो. इन्सर्ट आणि एफ-सात दाबले की पानावरच्या सगळ्या लिंक आणि हेडिंगांची यादी उघडते.

सावधान: टॉकबॅक चालू करण्यापूर्वी तो बंद कसा करायचा ते शिका. बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणे तीन सेकंद धरून ठेवली की तो चालू-बंद होतो, पण हा शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये चालू करावा लागतो. टॉकबॅकमध्ये उजवीकडे बोट सरकवले की पुढची गोष्ट ऐकू येते आणि दोनदा टकटक केले की ती उघडते.

तीन कामे ठरवा. अख्खी साइट एकदम हाती घेतली की काम अर्ध्यावर सुटते. लोक तुमच्या साइटवर ज्यासाठी येतात अशी तीन कामे निवडा. पंचवटीतल्या यात्री निवासाची साइट असेल तर खोलीचे दर पाहणे, तारखा भरून आरक्षण करणे आणि पत्ता-फोन मिळवणे. शाळा असेल तर प्रवेश अर्ज, सुट्ट्यांच्या सूचना आणि निकाल. या तीन कामांच्या वाटेवर जी पाने लागतात तीच आधी दुरुस्त करा.

एक तक्ता उघडा. चार रकाने पुरेत: पान कोणते, काय ऐकू आले, काय ऐकू यायला हवे होते, दुरुस्ती कोण करणार. चौथा रकाना रिकामा सोडू नका. निम्म्या दुरुस्त्या मजकूर टाकणाऱ्या माणसाच्या हातात असतात आणि त्याला हे कोणी सांगितलेले नसते.

व्यवस्थापनाला खर्च पटत नसेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ समोर ठेवा. त्याचे कलम ४६ सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आहे.

काम सुरू करण्यापूर्वी साइटचा पूर्ण बॅकअप घ्या.

## पायरी १: अक्षरे खरोखर मराठी आहेत का ते पाहा

पानावरचा एक परिच्छेद निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

जसाच्या तसा मराठी मजकूर उमटला, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे संगणक तो मराठी म्हणूनच ओळखतो. पुढे चला.

इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली, तर मजकूर कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट किंवा तशाच कुठल्या फॉन्टमध्ये आहे. या फॉन्टमध्ये संगणक इंग्रजी अक्षरेच साठवतो, फक्त त्यांचा आकार देवनागरी दाखवतो. कृतिदेवमध्ये 'नाशिक' लिहिलेले असेल तर स्क्रीन रीडरपुढे यू, के, एफ, एक अवतरणचिन्ह, के आणि डी येतात, आणि तो तेच काहीतरी पुटपुटतो. छापखान्यातून आलेला मजकूर तसाच साइटवर चढवला की असे होते. फॉन्ट रूपांतर करणारी साधने मिळतात, ती वापरा. पण रूपांतर झाल्यावर जोडाक्षरे, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घाला. चुका नेमक्या तिथेच होतात.

मजकूर निवडताच आला नाही, तर ते चित्र आहे. मराठी साइटवर हे सर्रास चालते. सूचना, दरपत्रक, कार्यक्रमपत्रिका आधी व्हॉट्सॲपसाठी सजवून बनवतात आणि तेच चित्र साइटवर टाकतात. स्क्रीन रीडरला त्यातला एक शब्दही मिळत नाही. चित्र ठेवायचे तर ठेवा, पण त्याच्या खाली तोच मजकूर टाइप केलेला हवा. दर, तारखा, वेळा, फोन नंबर आणि पत्ता या पाच गोष्टी फक्त चित्रात कधीही ठेवू नका.

मजकूर युनिकोडमध्ये आला तरी टायपिंगच्या काही सवयी कानाला खटकतात. त्या याच टप्प्यावर काढा:

- 'वेळः' असा विसर्ग लिहिला की काही आवाज 'वेळह' म्हणतात. तिथे विरामचिन्हातला अपूर्णविराम द्या, 'वेळ:' असे लिहा.
- ठसठशीत दिसावे म्हणून 'प्र वे श  सु रू' अशी सुटी अक्षरे लिहू नका. ती सुटीच वाचली जातात.
- 'स. १० ते दु. ४' ऐवजी 'सकाळी १० ते दुपारी ४'. 'रू. ५००/-' ऐवजी '५०० रुपये'. '१०-१२' ऐवजी '१० ते १२'.
- '०५/०६' म्हणजे ५ जून की ६ मे, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. महिना अक्षरात लिहा.
- ओळीच्या दोन्ही टोकांना लावलेले तारे, फुले, ज्योती आणि इमोजी एकेक करून वाचले जातात. ते काढा.

तपासणी: तीनही कामांच्या पानांवर इन्सर्ट आणि खालचा बाण दाबून डोळे मिटून ऐका. अर्थ लागला नाही तिथे खूण करा.

## पायरी २: पानाची भाषा सांगा

ही पायरी पाच मिनिटांची आहे, आणि तरी जवळपास नेहमीच राहते. प्रत्येक पानाच्या कोडमधल्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग नावाचा गुणधर्म असतो. मराठी पानावर तिथे 'एम-आर' हा संकेत हवा. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, परदेशी असली की तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहतो. मग स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज लावतो. काही आवाज देवनागरी सरळ गाळतात, काही एकेक चिन्हाचे तुकडे वाचतात. ऐकणाऱ्याला वाटते की पानच रिकामे आहे.

वर्डप्रेस असेल तर डॅशबोर्डच्या जनरल सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करा, संकेत आपोआप बदलतो. दुसरी यंत्रणा असेल तर वेबसाइट बनवणाऱ्याला हे एवढेच वाक्य पाठवा: 'सर्व मराठी पानांचा लँग एम-आर करा, आणि पानातल्या इंग्रजी परिच्छेदांना वेगळा ई-एन द्या.' हिंदीचा संकेत देऊन भागवू नका. मराठीचा उच्चार हिंदी आवाजात बिघडतो.

## पायरी ३: हेडिंग आणि पानाचा सांगाडा

डोळस माणूस पान वरून खाली न्याहाळतो आणि हवे तिथे थांबतो. स्क्रीन रीडर वापरणारा तेच काम एच दाबत दाबत करतो. त्यासाठी हेडिंग खरे असावे लागते. अक्षरे नुसती ठळक आणि मोठी केली तर ती हेडिंग होत नाहीत. मजकूर टाकताना संपादकातला 'हेडिंग २', 'हेडिंग ३' हा पर्याय निवडा.

पानाला पहिल्या पातळीचे हेडिंग एकच ठेवा: पानाचा विषय. त्याखाली दुसरी पातळी, तिच्या पोटात तिसरी. आकार आवडला म्हणून थेट चौथी पातळी लावू नका. आकार बदलायचा तर तो थीममध्ये बदला.

प्रत्येक पानाच्या टॅबवर दिसणारे शीर्षकही वेगळे हवे. 'मुख्यपृष्ठ' हेच नाव सगळ्या पानांना असेल तर चार टॅब उघडलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे कळत नाही. 'खोल्यांचे दर, अमुक यात्री निवास, नाशिक' अशी रचना ठेवा. वेगळी ओळख आधी, संस्थेचे नाव नंतर.

पानाच्या सुरुवातीला 'मुख्य मजकुराकडे जा' अशी लिंकही हवी. नाहीतर प्रत्येक पानावर पूर्ण मेनू पुन्हा ऐकावा लागतो.

तपासणी: इन्सर्ट आणि एफ-सात दाबून हेडिंगांची यादी उघडा. नुसती यादी वाचून पानाचा आशय कळतो का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी ४: चित्रांना शब्द द्या

चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे अल्ट टेक्स्ट, दिला नाही तर स्क्रीन रीडर ते गाळतो किंवा फाइलचे नाव वाचतो. 'आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य...' असे आकडे ऐकून कोणालाच काही मिळत नाही. लोक इथे घाईने सगळ्या चित्रांना संस्थेचे नाव लावून टाकतात. त्याने पान आणखी त्रासदायक होते, कारण तेच नाव पुन्हापुन्हा ऐकावे लागते.

आधी चित्र कशासाठी आहे ते ठरवा.

शोभेचे चित्र. तोरण, रांगोळीची पट्टी, मागचा गोदाघाटाचा धूसर फोटो. याला अल्ट रिकामा ठेवा. गुणधर्म काढून टाकू नका, तो रिकामा ठेवा. म्हणजे स्क्रीन रीडर ते शांतपणे ओलांडतो.

माहिती देणारे चित्र. इथे एका वाक्यात तेच सांगा ज्यासाठी ते चित्र टाकले आहे. खोलीच्या फोटोला 'खोली' हे वर्णन अपुरे आहे. 'दोन स्वतंत्र पलंग, खिडकीजवळ टेबल, स्वच्छतागृह खोलीतच' हे ऐकून माणूस निर्णय घेऊ शकतो. 'चा फोटो' हे शब्द गाळा, कारण हे चित्र आहे असे स्क्रीन रीडर आधीच सांगतो.

लिंक असलेले चित्र. चित्र कसे दिसते ते इथे महत्त्वाचे नसते, ते दाबल्यावर काय होते ते सांगा. व्हॉट्सॲपच्या हिरव्या चिन्हाला 'हिरवे गोल चिन्ह' नको, 'व्हॉट्सॲपवर चौकशी करा' हवे. बोधचिन्हावरून मुख्यपृष्ठ उघडत असेल तर 'मुख्यपृष्ठ' लिहा.

नकाशा. नकाशाचे वर्णन एका वाक्यात मावत नाही, म्हणून त्याच्याखाली मार्ग लिहून द्या. रविवार कारंज्याकडून होळकर पूल ओलांडून पंचवटीत आल्यावर कोणत्या हाताला वळायचे, रिक्षावाल्याला कोणती खूण सांगायची, दारात पायऱ्या आहेत की उतार. २०२७ च्या सिंहस्थासाठी बाहेरगावचे लोक येतील, त्यांच्यात पांढरी काठी घेऊन येणारेही असतील. लिहिलेला मार्ग त्यांना नकाशापेक्षा जास्त उपयोगी पडेल. डोळस भाविकालाही तो फोनवर कोणाला वाचून दाखवता येतो.

सावधान: यंत्राने आपोआप लिहिलेली वर्णने न वाचता प्रसिद्ध करू नका. मिसळीच्या ताटाला 'सूपची वाटी' म्हणणारे वर्णन रिकाम्या अल्टपेक्षा वाईट, कारण ऐकणाऱ्याला ते चुकीचे आहे हे कळायला मार्ग नसतो.

स्लायडरबद्दल माझे मत स्पष्ट आहे: काढून टाका. आपोआप सरकणारी चित्रे वाचन तोडतात आणि अल्पदृष्टी असलेल्या माणसाचे लक्ष मोडतात. त्यातली महत्त्वाची सूचना स्थिर मजकुरात द्या. काढता येतच नसेल तर थांबवण्याचे बटण द्या.

## पायरी ५: माउस बाजूला ठेवा

माउस टेबलावरून उचला आणि तिन्ही कामे फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळांनी करून पाहा.

मेनूतला उपमेनू केवळ माउस वर नेल्यावर उघडत असेल तर कीबोर्डवाल्याला तो अस्तित्वातच नाही. पॉपअप उघडला तर कर्सर त्याच्या आत जायला हवा, एस्केप दाबल्यावर तो बंद व्हायला हवा आणि कर्सर मूळ जागी परत यायला हवा. आपण कुठे आहोत हे दाखवणारी चौकट काही थीम दिसायला बरे वाटावे म्हणून लपवतात. ती परत आणा आणि ठसठशीत करा. अल्पदृष्टी असलेली माणसे तिच्याच आधाराने पुढे सरकतात.

मग लिंकची यादी उघडा. 'येथे क्लिक करा', 'अधिक वाचा', 'येथे क्लिक करा' अशी रांग दिसली तर प्रत्येक लिंकला तिचे काम सांगणारे नाव द्या: 'प्रवेश अर्ज भरा', 'दिवाळी सुट्टीची सूचना वाचा'. लिंकमधून फाइल उतरत असेल तर तेही लिहा: 'माहितीपत्रक, पीडीएफ, मराठी'.

बटणांकडेही पाहा. तीन आडव्या रेघांचे मेनूचे चिन्ह, भिंगाचे शोधचिन्ह, बंद करण्याची फुली यांवर स्क्रीन रीडर नुसते 'बटण' म्हणत असेल तर त्यांना 'मेनू', 'शोधा', 'बंद करा' अशी नावे द्यायला सांगा. बटणासाठी बटणाचाच टॅग वापरला की कळा आपोआप चालतात. रंगवलेल्या चौकोनाला बटण बनवायचे आणि मग एरिया गुणधर्मांची (स्क्रीन रीडरसाठी कोडमध्ये वेगळ्या लिहायच्या खुणांची) ठिगळे लावायची, हा उलटा मार्ग आहे.

## पायरी ६: फॉर्म

माणूस फॉर्मपर्यंत पोचतो तेव्हा त्याचे काम जवळजवळ झालेले असते. इथे अडकला तर सगळी मेहनत वाया जाते आणि त्याला दुसऱ्या कोणाची मदत मागावी लागते, अनेकदा स्वतःचे आधार आणि बँकेचे तपशील त्याच्या हाती देऊन. म्हणून या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

१. प्रत्येक रकान्याला लेबल. रकान्याच्या आत फिकट अक्षरात लिहिलेले 'तुमचे नाव' म्हणजे लेबल नव्हे. टाइप करायला लागताच ते नाहीसे होते. लेबल रकान्याच्या वर हवे आणि कोडमध्ये त्या रकान्याशी जोडलेले हवे. जोडले आहे का ते ओळखायची सोपी युक्ती: लेबलच्या शब्दावर क्लिक करा. कर्सर रकान्यात गेला तर जोडलेले आहे.

२. आवश्यक रकाने शब्दांत सांगा. लाल तारका पुरत नाही. लेबलमध्येच 'आवश्यक' लिहा.

३. सूचना रकान्याच्या आधी. 'मोबाइल नंबर १० अंकी, मोकळी जागा न सोडता' हे रकान्याच्या खाली लिहिले तर ते भरून झाल्यावर ऐकू येते.

४. तारीख टाइप करता यावी. दिनदर्शिकेतले चौकोन निवडणे पुष्कळ साइटवर कीबोर्डने जमत नाही. दिनदर्शिका राहू द्या, पण शेजारी थेट तारीख लिहिण्याची सोय हवी.

५. चूक कुठे झाली ते शब्दांत. रकान्याची कड लाल करून थांबू नका. 'पिनकोड ६ अंकी हवा' असा संदेश त्या रकान्याला जोडून द्या आणि कर्सर पहिल्या चुकलेल्या रकान्यावर न्या. आधी भरलेले पुसू नका. एका चुकीसाठी अख्खा अर्ज पुन्हा भरायला लावणे हे डोळस माणसालाही जाचते, ऐकून भरणाऱ्याला तर तिप्पट वेळ लागतो.

६. ओटीपी एकाच रकान्यात. सहा वेगळे चौकोन केले की स्क्रीन रीडरवर दर अंकाला गोंधळ होतो, आणि चिकटवणेही बंद पडते. मुदत संपण्याआधी ती वाढवण्याची सोय ठेवा. संदेशातला आकडा ऐकायचा, लक्षात ठेवायचा, परत येऊन भरायचा, याला वेळ लागतो.

७. वाकड्या अक्षरांचा कॅप्चा काढा. आवाजाचा पर्याय दिला तरी तो बहुधा इंग्रजीत आणि खरखरीत असतो. लहान साइटला लपलेल्या रकान्याची युक्ती पुरते: माणसाला आणि स्क्रीन रीडरला न दिसणारा रकाना ठेवायचा, तो भरून आलेला अर्ज यंत्राचा समजायचा.

तपासणी: स्क्रीन बंद करून अर्ज भरा. मुद्दाम दोन चुका करा आणि त्या कानाने सापडतात का पाहा. शेवटी 'अर्ज मिळाला' हा संदेश ऐकू आला का? तो नुसता हिरव्या पट्टीत चमकून जात असेल तर माणूस तोच अर्ज पुन्हा पाठवतो.

## पायरी ७: रंग, आकार आणि देवनागरीची वळणे

दृष्टी कमी असलेली सगळी माणसे स्क्रीन रीडर वापरत नाहीत. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने बिघडलेला पडदा असलेले पुष्कळ जण अक्षरे मोठी करून, स्क्रीन डोळ्यांजवळ धरून वाचतात.

वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा, मोठ्या अक्षरांचा ३ ला १. आपल्याकडे आवडत्या रंगजोड्या इथेच नापास होतात. पांढऱ्यावर भगवी अक्षरे, किंवा भगव्यावर पांढरी, सुमारे २.१ भरतात. पांढऱ्यावर भडक लाल ४ च्या आसपास. पिवळ्यावर लाल ३.७. भगवा हवाच असेल तर त्यावर काळी अक्षरे घ्या, ती ९ च्या पुढे जातात. कॉन्ट्रास्ट मोजणारी मोफत साधने आहेत. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका.

रंगावर अर्थ सोपवू नका. हिरवी खोली रिकामी आणि लाल भरलेली, असे दाखवत असाल तर शेजारी 'उपलब्ध' आणि 'आरक्षित' हे शब्दही लिहा.

आता मराठीपुरत्या गोष्टी, ज्या इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाहीत. देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा. अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतो. फार बारीक रेघेचे आणि फार जाड फॉन्ट दोन्ही टाळा. जाड फॉन्टमध्ये 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांची पोकळी भरून जाते. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता चालतात. दोन्ही बाजूंना ओळी सारख्या करू नका, शब्दांमध्ये भोके पडतात.

तपासणी: संगणकावर पान ४०० टक्के मोठे करा. मजकूर एका रांगेत यावा, आडवे सरकवावे लागू नये, मेनू मजकुरावर चढू नये. फोनवर दोन बोटांनी पान मोठे होत नसेल तर थीममधली ती बंदी काढायला सांगा.

## पायरी ८: तक्ते आणि पीडीएफ

लासलगावच्या कांद्याच्या दरांसारखा तक्ता घ्या: किमान, कमाल, सर्वसाधारण दर. स्क्रीन रीडरवर कंट्रोल, ऑल्ट आणि बाण दाबून घराघरातून फिरता येते, आणि शीर्षकाच्या घरांना शीर्षकाचा टॅग असेल तर प्रत्येक आकड्यासोबत 'कमाल दर' असे ऐकू येते. टॅग नसेल तर नुसते आकडे. घरे एकमेकांत मिसळू नका. पानाची मांडणी करण्यासाठी तक्ता वापरू नका.

पीडीएफबद्दल पहिला प्रश्न: ती हवीच आहे का? मराठी पीडीएफमध्ये मजकूर युनिकोड असला तरी आतून वेलांट्या आणि जोडाक्षरे मागेपुढे होऊन वाचली जातात. सूचना, नियम, वेळापत्रक साध्या पानावर टाका आणि छापण्यासाठी म्हणून पीडीएफ जोडा.

हवीच असेल तर वर्डमध्ये खरी हेडिंग लावा, चित्रांना वर्णन द्या आणि 'सेव्ह ॲज' मधून पीडीएफ करा. 'प्रिंट टू पीडीएफ' केले की आतली रचना पुसली जाते. स्कॅन करून चढवलेली परिपत्रके ही निव्वळ चित्रे असतात. त्यांच्यावर मराठी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर काढणारे साधन, चालवता येते, पण निघालेला मजकूर माणसाने वाचून दुरुस्त करावाच लागतो, विशेषतः आकडे.

## पायरी ९: आधी यंत्र, मग माणसे

आता कुठे लाइटहाउस, ॲक्स किंवा वेव्ह यांपैकी एखादे तपासणी साधन चालवा. अल्ट आहे की नाही ते या साधनांना कळते. ते बरोबर आहे की नाही ते कळत नाही. १०० गुण मिळाले म्हणजे साइट वापरता येते, असा अर्थ काढू नका.

त्यानंतर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसांना बोलवा. आपण डोळे मिटून केलेली तपासणी चुका शोधायला ठीक आहे, पण आपल्याला पान कसे दिसते ते आठवत असते. नाशिकला सातपूरला नॅबचे, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे, महाराष्ट्र युनिट आहे. अशा संस्थांमार्फत किंवा शहरातल्या महाविद्यालयांतल्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांशी बोलून दोन-तीन जण तयार होतात. एक टॉकबॅकवाला, एक संगणकवाला आणि एक अल्पदृष्टी असलेली व्यक्ती असली की बरेच झाकले जाते. हे काम कौशल्याचे आहे, त्याचे मानधन आधी ठरवा आणि द्या.

बसताना हे पाळा:

- त्यांचाच फोन, त्यांचीच सेटिंग. तुमच्या यंत्रावर त्यांना अनोळखी वाटेल.
- 'हे पान बघून सांगा' असे म्हणू नका. काम द्या: 'पुढच्या शनिवारसाठी दोन जणांची खोली आरक्षित करा.'
- ते अडकले की लगेच 'वर डावीकडे बटण आहे' असे सांगू नका. कुठे अडकले तीच तर तुम्हाला हवी असलेली माहिती आहे.
- काम झाले का एवढेच टिपू नका. किती वेळा मागे जावे लागले आणि कुठे अंदाजाने दाबले तेही विचारा.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तक्त्यात भरा. ज्यामुळे काम पूर्णच होत नाही ती दुरुस्ती आधी, ज्यामुळे वेळ जातो ती नंतर, दिसण्या-ऐकण्यातली उणीव शेवटी.

## पायरी १०: पुढच्या महिन्यातही टिकावी म्हणून

साइट बिघडते ती नव्या मजकुराने. सूचना टाकणाऱ्या लिपिकाला किंवा शिक्षकाला अर्धा तास बसवून चारच गोष्टी शिकवा: मजकूर युनिकोडमध्ये टाइप करायचा, हेडिंग यादीतून निवडायचे, चित्राला वर्णन द्यायचे, लिंकला नाव द्यायचे. हे चार मुद्दे छापून त्यांच्या टेबलासमोर लावा. थीम किंवा प्लगइन बदलले की पायरी २, ५ आणि ६ पुन्हा करा, कारण बदलात याच तीन पहिल्या मोडतात. नवी वेबसाइट करून घेत असाल तर करारातच लिहा की तिन्ही कामे एनव्हीडीए आणि टॉकबॅकवर पूर्ण झाल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही.

शेवटी प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ टाका: 'ही साइट वापरताना अडचण आली तर या क्रमांकावर फोन करा.' क्रमांक टाइप केलेला असावा, दाबल्यावर फोन लागावा, आणि तो उचलणाऱ्याला अर्ज फोनवर भरून घेण्याची परवानगी असावी. आलेली प्रत्येक तक्रार त्याच चार रकान्यांच्या तक्त्यात जाते.